समुद्रकाठचे सहाकोनी दगड, फिनची गोष्ट आणि आपला काळा पाषाण

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा वाईचा, नोकरीमुळे साताऱ्यात आलो आणि इथलाच झालो. लेक बेलफास्टला असते, तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अडीच महिने तिकडं राहून आलो. एका रविवारी जावईबापूंनी जायंट्स कॉजवे दाखवायला नेलं. उत्तर आयर्लंडचा अगदी वरचा किनारा, अँट्रिम काउंटी, बुशमिल्स गावाच्या पुढं. गाडी वर लावायची आणि उतारानं साधारण किलोमीटरभर चालत खाली जायचं.

फोटो आधी पाहिले होते, पण फोटोत काही कळत नाही. समुद्रात उतरत जाणारी दगडी फरशी आहे, आणि प्रत्येक फरशी म्हणजे एका खांबाचं डोकं. असे सुमारे ४० हजार खांब एकमेकांना खेटून उभे. बहुतेक सहा बाजूंचे, काही पाच, काही सात. सगळ्यात उंच १२ मीटरच्या आसपास. लाट येते, खांबांच्या मधून फेस वर येतो, परत जातो. तासभर नुसता बघत बसलो.

मग दगडावर हात फिरवला आणि अंगावर काटा आला. हा दगड माझ्या ओळखीचा होता हो! वाईच्या घाटाच्या पायऱ्या, घरचं जातं, आजोळच्या विहिरीचं बांधकाम, सगळा हाच काळा दगड. ओला झाला की निळसर दिसतो तो. सात हजारांवर किलोमीटर लांब येऊन मी कृष्णेच्या घाटावरच बसलोय असं वाटलं. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, मला मघाशीच वाटलं होतं, कपडे धुवायला बसावं असा दगड आहे.

तिथं शाळेतली पोरंसुद्धा त्या दगडांची गोष्ट सांगतात. फिन मॅककूल नावाचा राक्षस होता, समुद्रापलीकडं स्कॉटलंडात बेनँडॉनर नावाचा दुसरा. दोघांचं भांडण लागलं म्हणून फिननं लढायला जाण्यासाठी समुद्रात हा दगडी रस्ता बांधला. पुढची गोष्ट मोठी आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.

माझे प्रश्न दोन. एक, दगड असा सहा बाजूंनीच का फुटतो, सोप्या मराठीत कुणी सांगेल का? दुसरा जास्त मनाला लागलेला. आपण तर याच दगडाच्या देशात राहतो, मग आपल्याकडं अशा खांबांची गोष्ट का नाही? की आहे आणि मलाच माहीत नाही?

घाटमाथा
काका, एक नंबर लिहिलंय. खांब आपल्याकडंपण आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवडे गावात आहेत, मी स्वतः बघून आलोय. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, चहूबाजूंनी बिल्डिंगा आणि मधोमध ६० मीटर उंचीचा कडा, वर गावदेवीचं देऊळ. आणि २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीकडं रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतनं खांब निघालेले, पेपरात आलं होतं.

मिरजमाई
आणि उडुपीजवळ मालपेच्या समुद्रातलं सेंट मेरीज बेट! आम्ही शाळेची सहल नेली होती. बोटीनं जावं लागतं. वास्को द गामा १४९८ मध्ये तिथं उतरला आणि त्यानं बेटाला मेरीचं नाव दिलं असं तिथं सांगतात. तेपण आपल्याच लाव्ह्याचं ना?

थरावरथर
भूशास्त्र शिकवतो, कऱ्हाडला असतो, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. थोडं सविस्तर लिहितो.

मिरजमाई, सेंट मेरीजचा दगड आपला नव्हे. तो आपल्यापेक्षा जुना, सुमारे साडेआठ ते पावणेनऊ कोटी वर्षांचा, मादागास्कर भारतापासून तुटून निघालं त्या वेळचा. खडकाची जातसुद्धा वेगळी, त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असते ती, जास्त. खांब मात्र तसेच, कारण खांब होण्याचं कारण एकच आहे.

ते कारण असं. लाव्हा जाड थरात साचला की वरून आणि खालून थंड व्हायला लागतो. थंड झाला की आकसतो. आकसायला तर पाहिजे पण बाजूला सरकायला जागा नाही, मग तो ताण भेगा पडून सुटतो. पृष्ठभागावर भेगा वेड्यावाकड्या असतात, पण खडक आत आत गार होत जातो तशी प्रत्येक भेग त्याच्या मागे मागे खाली उतरते आणि उतरताना सरळ होत जाते. कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण सुटेल अशी रचना म्हणजे तीन भेगा एका ठिकाणी १२० अंशांत भेटणं. म्हणून सहा बाजू. सगळ्यांना ते तंतोतंत जमत नाही, म्हणून पाच आणि सातही दिसतात. हळू थंड झालेल्या लाव्ह्याचे खांब जाड होतात, लवकर थंड झालेल्याचे बारीक.

भेग नेमकी कधी पडते याचा प्रयोग लिव्हरपूल विद्यापीठातल्या लोकांनी केला, २०१८ मध्ये छापून आला. बेसॉल्ट, म्हणजे हाच आपला काळा दगड, साधारण ९८० अंश सेल्सिअसला घट्ट होतो आणि भेग ८४० ते ८९० च्या दरम्यान पडते. म्हणजे दगड अजून लालबुंद असतानाच तडकतो. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

कॉजवेचा लाव्हा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथं आधीच्या लाव्ह्यावर नदीनं दरी कोरली होती, ती पुढच्या लाव्ह्यानं भरली. दरीत साचल्यामुळं थर जाड झाला, सावकाश निवला आणि खांब एवढे सुबक झाले. आपला दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि आज उरलाय तोच ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. म्हणजे कृष्णाकाठ, तुमच्या हाताला ओळख पटली ती चुकीची नव्हती. सख्खा नाही म्हणता येणार, पण चुलतभाऊ नक्की.

बोअरवाला_जत
थरावरथर सर, रानातल्या भेगा पण आशाच आस्त्यात का? आमच्याकडं काळं रान उन्हाळ्यात आसं फाटतंय की पाय आत जातोय. पण त्या मला चौकोनी वाटत्यात.

थरावरथर
भाऊ, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा एक भेग आधी पडते, दुसरी येऊन तिला काटकोनात मिळते, म्हणून चौकोनी तुकडे जास्त. तीच माती परत भिजली, परत वाळली, असं पुन्हा पुन्हा झालं की भेगांचे सांधे हळूहळू १२० अंशांकडं जातात. लाव्ह्यात भेगेला खाली उतरताना हीच सवड मिळते. आणि तुमचं काळं रान म्हणजे तरी काय, हाच बेसॉल्ट झिजून झालेली माती.

बोअरवाला_जत
आता शेतात गेलो की खालीच बघत बसनार बगा 😄 घरचे म्हनतील गड्याचं काय हरवलं.

तासगावआबा
माहिती चांगली आहे. पण राक्षसाच्या गोष्टीचं एवढं कौतुक कशाला? आपल्याकडं प्रत्येक दगडाला शेंदूर आणि प्रत्येक डोंगराला पांडव आहेतच. लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं. अशानं ज्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्यान् पिढ्या कोरलं त्या माणसांचं नाव जातं. विज्ञान सापडल्यावर गोष्टी बाजूला ठेवाव्यात, हे माझं स्पष्ट मत.

विट्याची_सून
आबा, रागावू नका, पण मला पटलं नाही. आधी गोष्ट पूर्ण करते, मग बोलू.

फिननं रस्ता बांधला खरा, पण पलीकडून बेनँडॉनर येताना दिसला तेव्हा त्याची छाती दडपली, कारण तो फिनपेक्षा कितीतरी मोठा. फिन पळत घरी आला. बायको ऊना, ती शहाणी. तिनं नवऱ्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्यात झोपवलं. बेनँडॉनर दारात आला तर म्हणाली, हे बाहेर गेलेत, बसा, भाकरी खा. त्या भाकऱ्यांच्या पोटात तिनं तवे घातले होते. पाहुण्यानं घास घेतला आणि दात पडला. ऊना म्हणाली, अहो आमचं बाळ पण हीच खातं. पाळण्यातल्या फिनला साधी भाकरी दिली, त्यानं ती मटामटा खाल्ली. बेनँडॉनरनं विचार केला, पोर एवढं तर बाप केवढा! आणि तो पळत सुटला ते मागचा रस्ता उखडतच. म्हणून आता फक्त दोन टोकं उरली, एक आयर्लंडात, दुसरं पलीकडं स्कॉटलंडाजवळच्या स्टाफा बेटावर. तिथं तसेच खांब आहेत आणि गुहेला फिंगलची गुहा म्हणतात, फिंगल म्हणजे फिनच.

(तिकडं भाकरी म्हणजे त्यांची तव्यावरची रोटी असेल, पण मी माझ्या मुलींना भाकरी म्हणूनच सांगते.)

आबा, आता बघा. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच दगड आहे, हे त्या लोकांनी गोष्टीत पक्कं धरून ठेवलं होतं. भूशास्त्र यायच्या कितीतरी आधी. ही नुसती भाकडकथा कशी?

थरावरथर
ताई, भारी सांगितलीत. एक भर घालतो. स्टाफाचे आणि कॉजवेचे खांब एकाच प्रवाहाचे नाहीत, पण एकाच काळातल्या उद्रेकांचे आहेत. उत्तर अटलांटिक महासागर उघडायला लागला तेव्हाचे. म्हणजे गोष्टीतला "मधला रस्ता" तसा कधी नव्हता, पण दोन टोकांचं नातं खरं आहे.

कृष्णाकाठ
विट्याची सून, ही गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला मजा आली. नातवाला फोनवर हीच सांगणार, तव्याच्या भाकरीसकट.

गाईडनं आणखी एक सांगितलं होतं. जुन्या आयरिश कथांमध्ये फिन राक्षस नव्हे, तो वीर आहे, शिकारी आणि लढवय्यांच्या टोळीचा म्होरक्या. राक्षस तो पुढं लोकांच्या तोंडी होत गेला. त्यामुळं मी वर "राक्षस" लिहिलं ते मलाच आता खटकतंय. आपल्याकडचा शब्द शोधायचा तर भीम जवळचा. ताकद अफाट, भूक अफाट, आणि डोंगर हलवायचा झाला की लोकांना तोच आठवतो.

आणखी एक गोष्ट तिथं ऐकली. फिननं एकदा रागानं जमिनीचा ढेकूळ उचलून फेकला, तो समुद्रात पडला ते आइल ऑफ मॅन बेट झालं आणि खड्डा पडला तिथं लॉक नेय हे मोठं तळं झालं.

घाटमाथा
ढेकूळ फेकून बेट 😍 आपल्याकडं परशुरामानं बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण काढलं, तसंच की.

विट्याची_सून
माझं माहेर रत्नागिरी, त्यामुळं ही गोष्ट दुधाबरोबर प्यायलेली. माहेरी जांभ्याचे चिरे, सासरी काळा पाषाण. लग्न झाल्यावर पहिले सहा महिने मला घराच्या भिंती काळ्या म्हणून उदास वाटायचं, हे आज पहिल्यांदा लिहितेय. आता माहेरी गेले की उलट होतं, सगळं लालच लाल दिसतं.

कृष्णाकाठ
जांभ्यावरून आठवलं! कॉजवेच्या वरच्या वाटेनं कड्याकडं बघितलं तर काळ्या थरांच्या मधून लालभडक पट्टा गेलाय. मी जावयांना म्हटलं, हा तर आमच्या पाचगणीचा जांभा. बरोबर ना सर?

थरावरथर
अर्धं बरोबर. तो पट्टा जांभाच आहे. खालचा लाव्हा येऊन गेल्यावर बराच काळ उद्रेक थांबला, हवा उष्ण आणि दमट होती, खडक कुजून त्याचा जांभा झाला, मग वरून कॉजवेचा लाव्हा आला. अँट्रिममध्ये त्या थरातून पूर्वी लोखंडाचं आणि बॉक्साइटचं खनिज काढत. पण पाचगणीचं टेबललँड किंवा कासचं पठार म्हणजे आपले उद्रेक संपल्यावर सगळ्यात वर तयार झालेला जांभा. आपल्याकडं दोन प्रवाहांच्या मध्ये जे विटकरी पट्टे दिसतात, आंबेनळी घाटात गाडी थांबवून बघा, ते जांभ्याइतके मुरलेले नसतात. पुस्तकात त्यांना रेड बोल म्हणतात.

बोअरवाला_जत
आवं त्यो गेरू! बोअर मारताना लाल पानी यायला लागलं की आमी म्हनतो गेरू लागला. वरचा थर संपला, आता दुसरा दगड सुरू. कधी कधी तितंच पानी लागतंय, कधी नुसताच गाळ आन केसिंगचा पाइप जास्त टाकाय लागतोय, शेतकऱ्याचा खर्च वाढतोय. सर आमाला पुस्तकातलं नाव आज कळालं पन गेरू आमी रोज बघतोय. ह्यो काळा दगड किती खोल आसंल ओ?

थरावरथर
तुम्ही बोअरवाले म्हणजे आमचे डोळे आहात, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगतो. खोलीचं म्हणाल तर ठिकाणावर आहे. पश्चिमेकडं जाड, पूर्वेकडं पातळ. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तिथं सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला.

आणि वाईकरांसाठी खास. दख्खनच्या लाव्ह्याचे जगभर जे गट मानले जातात त्यातल्या सगळ्यात वरच्या गटाचं नाव वाई आहे. वाई उपगट. त्याच्या आत पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा असे थर. परदेशातला भूशास्त्रज्ञ लाव्ह्यावर लिहायला बसला की त्याला आपल्या घाटांची नावं लिहावीच लागतात.

कृष्णाकाठ
सर, हे मला सत्तरीत कळतंय! आयुष्य वाईत आणि साताऱ्यात गेलं आणि शाळेत हे कुणी सांगितलं नाही. डोळ्यात पाणी आलं हो वाचून.

मिरजमाई
मुलांना हे सगळं दाखवायचं असेल तर घरी करता येतं, म्हणून मुद्दाम लिहिते. कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारख्या वजनानं कालवायचं, काचेच्या ग्लासात किंवा कपात ओतायचं आणि वर बल्ब लावून ठेवून द्यायचं. हलवायचं नाही. पाच-सहा दिवसांत वर मोठ्या भेगा पडतात, पण खरी गंमत आत आहे. पूर्ण वाळल्यावर गठ्ठा अलगद फोडला की आतून काडेपेटीतल्या काड्यांसारखे बारीक बारीक खांब निघतात! टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनीसुद्धा पिठावरच अभ्यास करून खांब जाड-बारीक का होतात ते सांगितलंय. तिथं उष्णता जाते, इथं पाणी जातं, आकसणं तेच. आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलीनं गठ्ठा फोडला आणि पाच मिनिटं कुणी बोललंच नाही.

माझ्या सासूबाई म्हणाल्या, कुरडयांचा चीक ताटात उरून वाळला की असाच काड्याकाड्यांनी निघतो, त्यात काय नवीन.

घाटमाथा
सासूबाईंना साष्टांग 🙏

मिरजमाई
अजून एक, कारण हे नाव कुणी घेत नाही. कॉजवे जगाला दिसला तो सुझाना ड्रुरी नावाच्या चित्रकर्तीमुळं. तिनं तिथं राहून चित्रं काढली, १७४० मध्ये डब्लिन सोसायटीचं बक्षीस मिळालं, मग त्या चित्रांच्या छापील प्रती युरोपभर गेल्या. तेव्हा हे खांब समुद्राच्या पाण्यातून साखरेच्या खड्यासारखे तयार झाले असं मानणारेही होते. पुढं देमारे नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या जुन्या लाव्ह्यात तसेच खांब पाहिले आणि हे ज्वालामुखीचे आहेत असं सांगितलं. एका बाईनं खांबांच्या बाजू मोजून नीट चित्र काढलं नसतं तर ताडून बघायला काय होतं?

तासगावआबा
मिरजमाई, हे आवडलं. माझा मुद्दा हाच की नाव माणसाचं राहावं. विट्याची सून, तुमचं दोन काठांचं म्हणणं मी मान्य करतो. पण गोष्टीमुळं नुकसानही होतं. गोष्ट झाली की गर्दी, गर्दी झाली की नारळ, अगरबत्ती, प्लास्टिक.

कृष्णाकाठ
आबा, नुकसान तिकडंही चाललंय आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. लोक हौसेनं खांबांच्या फटीत नाणी ठोकून बसवतात, प्रेमाचं, नशिबाचं म्हणून. नाणं गंजतं, गंजून फुगतं आणि दगडाची कपची उडते. खाऱ्या वाऱ्यात तर लवकरच. दगडावर तांबूस-हिरवे ओघळ उतरलेले मी पाहिले. शेवटी २०२५ मध्ये नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या संस्थेला, लोकांना जाहीर विनंती करावी लागली की बाबांनो नाणी ठोकू नका. १९८६ पासून जागतिक वारसा असलेल्या जागेची ही गत.

म्हणून विचारतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत भारताची सात नैसर्गिक ठिकाणं गेली, त्यात पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खन ट्रॅप आहेत आणि सेंट मेरीज बेटंसुद्धा. यादी झाली, बोर्ड लागेल, पार्किंग होईल. पण लोकांच्या मनात त्या दगडाचं काही नसेल तर टेबललँडवर नाव कोरणारा हात थांबेल का? माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे.

घाटमाथा
सह्याद्रीत नवरा-नवरीचे सुळके आहेत काका, वऱ्हाडाचा दगड झाला वगैरे. पण खांबांची गोष्ट मलापण आठवत नाही.

कृष्णाकाठ
कॉजवेलासुद्धा फिनची आजी दगड होऊन डोंगर चढतेय. वाकलेली, अगदी आपल्या आजीसारखी.

खोऱ्यातला
दोन आठवडे फक्त वाचत होतो. आज लिहितो, कारण काल जाऊन खात्री करून आलो.

माझं गाव वाईच्या पश्चिमेला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं कळेल. गावाच्या वर डोंगराच्या सोंडेवर दगडाची एक भिंत आहे, पुरुषभर उंच, रानातून सरळ गेलेली, कुणी बांधलेली नाही. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की दगड आडवे रचल्यासारखे दिसतात. एकावर एक, टोकं आपल्याकडं, जशी सरपणाची लाकडं रचून ठेवावीत तशी. लहानपणापासून आम्ही तिला "भीमाची मोळी" म्हणतो. मला वाटायचं असंच काहीतरी नाव. हा धागा वाचताना एकदम डोक्यात आलं की कृष्णाकाठ विचारतायत ते हेच तर नव्हे?

काल चुलत मावशीला घेऊन गेलो. वय ऐंशीच्या वर, पण चढ आमच्याआधी चढली. टोकं मोजली, सहा बाजूंची आहेत, पण पाच बाजूंचीच जास्त. मावशीनं गोष्ट सांगितली ती जशीच्या तशी लिहितो.

"वाई म्हंजी इराटनगरी. पांडव लपून ऱ्हायले व्हते. भीम राजाच्या मुदपाकखान्यात सैपाकी. आख्ख्या नगराचा सैपाक, त्येला सरपान किती लागनार? दिसा डोंगरात गेला तर त्येची ताकद बघून लोक वळखतील. म्हनून रात्री यायचा, झाडं उपटायचा, मोळी बांधायचा आन कोंबडं आरवायच्या आत खाली. एक रात्री मोळी लई मोठी बांधली, उचलाय येळ लागला, कोंबडं आरावलं. भीमानं मोळी टाकली आन पळाला. उजाडलं तसा लाकडाचा धोंडा झाला. आता ती मोळी भीमाची हाय, कवातरी न्यायला येनार. तिच्यातलं लाकूड जो नेईल त्येच्या घरची चूल पेटत न्हाई."

आणि आता नाव न लिहिण्याचं कारण. काही वर्षांपूर्वी एका खडी क्रशरवाल्यानं ती सोंड मागितली होती. आयते तुकडे, सुरुंगसुद्धा कमी लागला असता. गावात मीटिंग झाली, पैसे बरे होते, बाप्ये अर्धे तयार झाले होते. बायका उठून म्हणाल्या, मोळी न्यायची नाही, आमच्या चुली आहेत. विषय तिथंच संपला. मावशी त्या मीटिंगला होती.

फोटो टाकलेत. सर, हे खांब आडवे कसे?

थरावरथर
फोटो तीनदा मोठे करून बघितले. फोटोवरून तरी ही डाइक वाटते. जमिनीत लांब भेग पडते, खालून लाव्हा येऊन ती भरते. मग तो वरून-खालून नव्हे, दोन्ही बाजूंच्या खडकाकडून थंड होतो. खांब नेहमी थंड होणाऱ्या तोंडाच्या काटकोनात वाढतात. उभ्या भेगेत म्हणून ते आडवे. पुढं आजूबाजूचा खडक झिजून जातो आणि भिंत उघडी पडते. कृष्णाकाठ, तुम्ही तिथं उंटासारखा बसलेला दगड पाहिला असेल, किनाऱ्यावरचा, तीही डाइकच.

"रचलेली लाकडं" हे वर्णन मी माझ्या व्याख्यानात आजपासून मावशींच्या नावानं वापरणार. नाव विचारून कळवा, गावाचं नको.

मिरजमाई
भीम स्वयंपाकी, बल्लव! महाभारतातला तो धागा पकडून सरपणाची मोळी. किती बारीक विचार आहे यात. मी वाचताना दोनदा थांबले.

बोअरवाला_जत
लाकडाचा धोंडा 🙏 मावशीला आमचा राम राम सांगा.

तासगावआबा
खोऱ्यातला, चूल पेटत नाही यावर माझा विश्वास नाही आणि बसणारही नाही. पण त्या मीटिंगला मी असतो तर बायकांच्या बाजूनं हात वर केला असता. ही गोष्ट लिहून ठेवा. मावशींच्या आवाजात रेकॉर्ड करा, मोबाइल आहेच. वेळ घालवू नका.

विट्याची_सून
आबा ❤️

कृष्णाकाठ
काय लिहू कळत नाही. मोळी माझ्या गावापासून एवढ्या जवळ आणि मी ती शोधायला आयर्लंडला जाऊन आलो. खोऱ्यातला, तुमची आणि मावशींची परवानगी असेल तर पुढच्या रविवारी येऊ का? मी, सौ., थरावरथर सरांना जमलं तर ते. गावाचं नाव कुणाला सांगणार नाही. मावशींना तिकडच्या ऊनाची गोष्ट ऐकवायची आहे, पाळण्यातला फिन आणि तव्याची भाकरी.

खोऱ्यातला
मावशीला विचारलं. म्हणाली, या म्हणावं, पण मोळीतलं ढलपंसुद्धा खिशात घालायचं न्हाई. आणि भाकरी बांधून आणा, वर सावली नाही आणि पाणी खालच्या टाक्यातच आहे. सकाळी सातला पुलाजवळ थांबतो.